रिकाम्या मैदानात आयपीएल झाली, पण जत्रेतल्या कुस्तीचं काय झालं?

लाल माती (धागा सुरू करणारा)

कोविडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. परवा आमच्या कट्ट्यावरही आलं: "खेळाचं काय बिघडलं? प्रेक्षक नव्हते, तरी आयपीएल झालीच की." मला हे अजिबात मान्य नाही.

आयपीएलचं फारसं बिघडलं नाही, हे खरंच आहे. २०२० ची स्पर्धा १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर अशी अमिरातीत झाली. मुख्य प्रायोजक विवो बाजूला झाला आणि वर्षाच्या ४४० कोटींऐवजी ड्रीम इलेव्हन या मोबाइलवर टीम लावायच्या खेळाच्या कंपनीचे २२२ कोटी आले. तरीही क्रिकेट मंडळाच्या खजिनदारांनी त्या स्पर्धेतून ४,००० कोटी मिळाल्याचं सांगितलं. टीव्हीवरचे प्रेक्षक तर आदल्या वर्षीपेक्षा वाढले होते. पुढे २०२२ च्या जूनमध्ये पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. मैदानात माणूस बसतो की नाही, यावर तो धंदा उभाच नव्हता.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं जत्रेचं कुस्ती मैदान घ्या. तिथं टीव्ही नाही, बहुतेक ठिकाणी तिकीटही नाही. गाव वर्गणी काढतं, इनाम ठरतं, जोड्या लागतात. हलगीवाला येतो, फेटे बांधणारा येतो, भेळवाला, उसाच्या रसाचा गाडा, खेळणीवाले येतात. हे सगळे गोळा होतात ते बघायला येणाऱ्या माणसांमुळे. माणसं आली नाहीत तर मैदान भरतच नाही. रिकाम्या फडात कुस्ती लावून ती कुणाला दाखवायची, आणि इनाम द्यायचं कुणी?

माघापासून वैशाखापर्यंतचा हंगाम ही पैलवानाची वर्षाची कमाई. दूध, बदाम, तूप, थंडाई हा खुराक त्यातूनच चालतो. २०२० चा हंगाम अर्ध्यात तुटला, २०२१ चा जवळपास पूर्ण गेला. महाराष्ट्र केसरी २०२० च्या जानेवारीत पुण्यात झाली, ती पुन्हा थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात. विशीतल्या पैलवानाची ती दोन वर्षं परत मिळत नाहीत. माझ्या ओळखीतली चांगली पोरं शेतात नाहीतर कारखान्यावर मजुरीला गेली. त्यातली काही तालमीत परतलीच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांचा धंदा पडद्यावर चालतो ते तरले आणि ज्यांचा गर्दीवर चालतो ते बुडाले. खेळात हे झालं, बाजारातही हेच झालं. तरी मदतीच्या योजना आखताना "गर्दीवर जगणारे" असा वर्ग कुणी धरलाच नाही. पुढच्या साथीआधी तो धरला पाहिजे. बोला.

नवी पेठ

मालक, कुस्तीचं दुःख कळतं, पण बाजाराचं गणित वेगळं आहे. आमचं कापडाचं दुकान आहे. जून २०२० मध्ये दुकानं उघडायला परवानगी मिळाली ती सम-विषम पद्धतीनं: रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. त्यात कपडे घालून बघायची खोली बंद, बदलून द्यायलाही बंदी. अंगाला लावून बघता येत नसेल, परत करता येत नसेल, तर बाईमाणूस साडीवरचा ब्लाऊज किंवा पोराची पँट घेईल कशी? आणि घरी येणाऱ्या खोक्यातला कपडा मात्र घालून बघायचा, नाही बसला तर परत पाठवायचा. आमचं गिऱ्हाईक तिथं गेलं ते आपल्या मर्जीनं गेलं असं मी मानत नाही. नियमांनी त्याला तिकडे ढकललं.

आणि एकदा लागलेली सवय सुटत नाही. आज बाजार पूर्ण उघडा आहे, तरी नवरात्रातली पूर्वीची रेटारेटी राहिलेली नाही.

विजापूर रोड

काका, सगळं नियमांवर ढकलू नका. मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. "बघायला काढलं की घ्यायलाच पाहिजे" अशी नजर, मापाचा कपडा नसला तर "धुतल्यावर सैल होतो" हे उत्तर, हे महामारीच्या आधीपासून होतं. ऑनलाइनमध्ये भाव समोर दिसतो आणि परत करताना कुणाला तोंड द्यावं लागत नाही. बायका तिकडे गेल्या यात नवल नाही.

आणखी एक. २०२१ च्या एप्रिलमधल्या राज्य सरकारच्या "ब्रेक द चेन"च्या कडक आदेशात ऑनलाइन कंपन्यांनाही फक्त जीवनावश्यक माल पोचवायची मुभा होती. दुकान बंद आणि ऑनलाइन सुसाट, असं प्रत्येक वेळी नव्हतं.

पैसे देण्याची सवय बदलली तिचा फायदा तुम्हालाही झाला. यूपीआयचे व्यवहार एप्रिल २०२० मध्ये महिन्याला सुमारे १०० कोटी होते, ऑक्टोबरात ते २०० कोटींच्या वर गेले. आज कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या मावशींकडेही कोड लावलेला असतो. गर्दीवर जगणारेही शिकले. त्यांना नुसते बुडालेले म्हणणं त्यांच्यावरच अन्याय आहे.

लाल माती

ताई, कोडनं पैसे घेता येतात, गिऱ्हाईक आणता येत नाही. त्या मावशींची भाकरी विकली जाते ती रस्त्यावर माणूस आहे म्हणून. आदेशाचा मुद्दा मात्र बरोबर आहे.

सिव्हिल वॉर्ड

मी त्या काळात कोविड वॉर्डात ड्यूटी केली आहे, म्हणून थोडं कडक बोलते.

१९ फेब्रुवारी २०२० ला इटलीतल्या मिलानमध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा फुटबॉल सामना झाला. अटलांटाच्या बेर्गामो शहरातून चाळीस हजारांवर माणसं तो बघायला गेली. पुढच्या काही आठवड्यांत त्याच बेर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराच्या गाड्या लागल्या. साथ पसरायची इतरही कारणं होती, पण तिथल्या डॉक्टरांनी त्या सामन्याकडे बोट दाखवलं. ८ मार्चला मेलबर्नमध्ये महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत ८६,१७४ लोकांनी बघितली आणि त्यातला एक प्रेक्षक नंतर बाधित निघाला. तिथं अनर्थ झाला नाही हे नशीब.

कुस्तीत तर अंगाला अंग, श्वासाला श्वास. भोवती खांद्याला खांदा लावून बसलेली हजारो माणसं. सोलापुरात दाट वस्त्यांमधून रुग्ण येत होते तेव्हा आमच्याकडे खाटा पुरत नव्हत्या. जत्रा बंद ठेवणं हा अन्याय नव्हता. तुमचा धागा वाचून कुणाला वाटेल की पुढच्या वेळी गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, भरू द्यावा. तसं अजिबात होता कामा नये.

लाल माती

सिस्टर, मी जत्रा भरवा असं म्हटलेलं नाही. बंद ठेवायलाच हवी होती. २०२० च्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या आणि वारकरी घरी थांबला. एवढ्या मोठ्या परंपरेनं ते सोसलं, तर कुस्तीनंही सोसायला हवं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. सगळ्यांच्या जिवासाठी ज्याचं पोट बंद केलं, त्याला सगळ्यांनी मिळून काय दिलं? पंढरपुरातल्या चुरमुरे-बत्तासे, तुळशीमाळा, बुक्का विकणाऱ्यांच्या २०२० आणि २०२१ अशा सलग दोन आषाढ्या गेल्या. वर्षाचा धंदा त्या काही दिवसांवर असतो.

अक्कलकोट रोड

मी यंत्रमागवाला. कुस्ती, जत्रा सगळं ठीक, पण अर्थव्यवस्था म्हणजे त्याहून मोठं काहीतरी असतं ओ अण्णा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजाप्रमाणे २३.९ टक्क्यांनी घटलं. कारखानदारी ३९.३, बांधकाम ५०.३, व्यापार-हॉटेल-वाहतूक ४७ टक्क्यांनी खाली. शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वर. माझा माग कुणी बघायला येत नाही, त्याला गर्दी लागत नाही, तरी तो बंदच होता. मग "पडदा आणि गर्दी" ही तुमची वाटणी इथं कुठं बसते?

आमच्या टॉवेलचं मोठं गिऱ्हाईक हॉटेलं. ती बंद, म्हणून माल पडून. गावात गणवेश शिवणाऱ्यांचं तर विचारूच नका. शाळा बंद म्हटल्यावर २०२० चा जून गेला, २०२१ चाही गेला. कापड कापून ठेवलेलं, शाळेचं चिन्ह छापलेलं, ते दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही.

आणि एक कडू बोलतो. सगळं कोविडच्या माथी मारू नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, तो आधीपासून. नोटबंदीनं दमवलं, जीएसटीच्या सुरुवातीच्या गोंधळानं दमवलं. साथ आली तेव्हा आमच्यातले बरेच माग आधीच धापा टाकत होते.

नवी पेठ

गणवेशाचं अगदी बरोबर. आमच्या दुकानातही तो माल अडकला होता.

लाल माती

अण्णा, तुमचंच उदाहरण घेतो. हॉटेलचा टॉवेल कशामुळे खपतो? माणूस प्रवासाला निघतो म्हणून. गणवेश? पोरं शाळेत जमतात म्हणून. गर्दी तुमच्या दारात येत नसेल, पण तुमचा माल गर्दीच्याच ठिकाणी जातो. तुमच्या आकड्यांत व्यापार-हॉटेल-वाहतूक ४७ टक्के पडलंय, ते तरी दुसरं काय आहे?

पानिपतचं म्हणाल तर मान्य. तो वेगळा आजार आहे.

घरकुल

माझी आई विड्या वळते. तुम्ही लोक गर्दी, पडदा काय काय बोलायलाव. आईचं काम ना गर्दीत ना पडद्यावर. घरी बसून पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, दुसऱ्या दिवशी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या आणि नवीन पान-तंबाखू आणायचा. काम घरातलं आहे, पण देवघेवीला जावंच लागतं. कारखाना बंद म्हणजे पान बंद, पान बंद म्हणजे हात बंद. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळालं ते खरंच उपयोगी पडलं, ते मी नाकारणार नाही. पण तेल, गॅस, औषध, बहिणीची फी यांना धान्य चालत नाही.

त्या काळात आमच्या गल्लीत आयपीएल सगळ्या घरांत लागत होती. बघायला पैसे लागत नव्हते असं वाटतं, पण माझ्या भावानं त्याच दिवसांत मोबाइलवर टीम लावायच्या खेळात आईनं साठवलेले पैसे घालवले. लाल माती दादा, तुम्ही म्हणता पडद्यावरचा धंदा तरला. तो कुणाच्या पैशावर तरला, तेही लिहा.

पार्क स्टेडियम

घरकुलताईंचा शेवटचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. त्यावर वेगळा धागा हवा.

पण आयपीएलला एवढं झोडपू नका. टीव्हीच्या पैशातूनच देशातलं बाकीचं क्रिकेट चालतं. २०२०-२१ ची रणजी स्पर्धा झाली नाही, तिच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, आणि मंडळानं नंतर खेळाडूंना सामन्याच्या मानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर केली. तिजोरी भरलेली होती म्हणून देता आली. २०२४ च्या जानेवारीत सोलापूरच्या आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तोही त्याच व्यवस्थेतून. कबड्डी बघा. प्रो कबड्डीचा एक हंगाम रद्द झाला, पुढचा डिसेंबर २०२१ पासून बेंगळुरूत प्रेक्षकांविना खेळवला आणि खेळाडूंचे पैसे सुटले. कुस्तीनंही पडद्यावर जायला शिकावं. मोबाइलवर थेट दाखवा, त्यातून पैसा उभा करा.

लाल माती

भाऊ, रणजीपटूला भरपाई मिळाली, चांगलंच झालं. त्याचं नाव संघाच्या यादीत होतं म्हणून मिळाली. जत्रेत लढणाऱ्या पैलवानाची यादी कुणाकडे आहे? हलगीवाल्याची? थेट दाखवायचं म्हणाल तर हल्ली बऱ्याच मैदानांचे व्हिडिओ येतात, लोक बघतातही. तो पैसा व्हिडिओवाल्याला मिळतो. वस्तादाच्या तालमीत त्यातला रुपया येत असेल तर मला दाखवा.

घरकुल ताई, तुमचं म्हणणं मला जड गेलं आणि ते बरोबर आहे. आईंचं काम माझ्या वाटणीत बसत नाही. तरी एक दिसतं: धान्य मिळालं कारण रेशनकार्ड होतं. फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून दहा हजारांचं कर्ज मिळालं, पण पालिकेच्या सर्वेक्षणात किंवा शिफारशीत नाव असेल तरच. आणि ते कर्ज होतं, भरपाई नव्हती. जो कुठल्या तरी कागदावर होता त्याला थोडं तरी मिळालं.

सिव्हिल वॉर्ड

मग नेमकं करायचं काय, ते सांगा. "धरला पाहिजे" म्हणून भागत नाही. विम्बल्डननं महामारीचा विमा उतरवला होता, म्हणून २०२० ची स्पर्धा रद्द करूनही ते उभे राहिले. आपल्या गावच्या जत्रा कमिटीला असा विमा कोण देणार, आणि हप्ता कोण भरणार?

लाल माती

विमा नाही जमणार. मला दुसरं सुचतं. होम मैदानावर गड्डा भरतो तेव्हा जागा घेणाऱ्याला पावती मिळते. पंढरपुरात वारीच्या काळात दुकान टाकायलाही परवानगी लागते. कुस्ती मैदानात पंच जोडी लिहून घेतात, इनामाची रक्कम लिहितात. हे कागद आजही तयार होतात आणि जत्रा संपली की फेकले जातात. ते तीन वर्षं जपून ठेवायचे. ज्या वर्षी सरकार स्वतःच्या आदेशानं जत्रा बंद करील, त्या वर्षी आदल्या पावत्यांवरून ठरावीक रक्कम थेट खात्यात. कर्ज नको. जत्रा बंद ठेवण्याच्या आदेशातच ते कलम हवं.

अक्कलकोट रोड

आणि पैसा कुठून? आम्ही जीएसटी भरतो, आमच्या वाट्याला कर्जाच्या हप्त्याला सहा महिने मुदत आली, तीही व्याज चालू ठेवून. आधी कर भरणाऱ्याचं बघा, मग जत्रेचं.

विजापूर रोड

कल्पना चांगली आहे, पण "आधी कोण" यावरच भांडण होणार. लाल माती, तुम्ही हे लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. सही करायला मी येते.

घरकुल

मीपण येते. पण पावती पाळणेवाल्याच्या नावावर असते. पाळणा हातानं ढकलणाऱ्या पोराच्या नावावर नसते, आणि आखाड्यात माती मळणाऱ्याच्याही नाही. त्यांचं नाव कुठं लिहायचं, ते अर्जात आधी घाला.