जाताना दहा, येताना नऊ

मुंबई-लंडन अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच, मग विमानाला जाताना दहा तास आणि येताना नऊ, म्हणजे जाताना तासभर जास्त का, असा प्रश्न पडतो. काही जण पृथ्वीच्या फिरण्यावर खापर फोडतात, पण तसं नाही. हवाही पृथ्वीसोबतच फिरते की. खरी करामत वाऱ्यांची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात कधीकधी ताशी २०० किमीच्याही वर. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर.

सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, पण विमान नेमकं तेवढंच उडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसे वाढले. फटका दिल्लीवाल्यांना जास्त, आपल्याला निदान अरबी समुद्र मोकळा!

आणि तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. माझं मे महिन्यातलं तिकीट बघून आई म्हणाली होती, "साडेपाच तासांत पोचतोस? मग कोकणात जायला का रे अख्खी रात्र लागते?"