मुलाच्या पटाशीच्या दातात एमटीए भरल्यास मुळाच्या टोकाशी असलेल्या स्टेम पेशी टिकतात का?

कोथरूडची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या उतारावर सायकल घसरून तो पडला आणि त्याचा वरचा उजवा पटाशीचा दात तिरका तुटला. ज्या दवाखान्यात आम्ही त्याला तेव्हा नेले, तेथे तुटलेली कडा घासून गुळगुळीत करून दिली. पुन्हा दाखवायला या, असे कोणी सांगितले नाही आणि दुखत नाही म्हणून आम्हीही गेलो नाही, याची रुखरुख आजही आहे. दिवाळीनंतर दात करडा दिसू लागला आणि संक्रांतीच्या सुमारास वरच्या हिरडीवर मोहरीएवढी पुळी आली.

आता नव्या डॉक्टरांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये शेजारच्या दाताचे मूळ बरेच निमुळते झालेले दिसते, पण या दाताचे मूळ आखूड राहिले आहे, त्याच्या भिंती पातळ आहेत आणि टोक नरसाळ्याच्या तोंडासारखे उघडे आहे. एका डॉक्टरांचे म्हणणे असे की, टोकाशी एमटीए नावाच्या सिमेंटचे बूच बसवून रूट कॅनल करावे. दुसरे म्हणतात की, टोकापलीकडच्या स्टेम पेशींना आत येऊ द्यावे, म्हणजे मूळ पुढे वाढण्याची शक्यता राहते. मात्र या पद्धतीतही वरून एमटीए किंवा बायोडेंटिन हे त्याच गटातले सिमेंटच भरायचे आहे.

माझी अडचण येथेच आहे. रूट कॅनलमध्ये भरायचे पदार्थ पेशींना घातक असतात, असे मी वाचले. ज्या पेशींवर सगळी भिस्त आहे, त्यांच्यावरच सिमेंट ठेवायचे, हे कसे? सगळे पदार्थ सारखेच घातक असतात का?

दंतमूल

मी सदाशिव पेठेत बरीच वर्षे रूट कॅनलचेच काम करते. आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठीत या पेशींना मूळ पेशी असेही म्हणतात, पण दाताच्या मुळाशी घोटाळा होऊ नये म्हणून मीही तुमच्याप्रमाणे स्टेम पेशीच म्हणेन.

पटाशीचा दात हिरडीतून वर आल्यावर त्याचे मूळ पुरे व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. तोपर्यंत मुळाच्या टोकाला मऊ पेशीजालाची एक लहानशी गादी चिकटलेली असते आणि मुळाचे डेन्टीन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, तयार करणाऱ्या पेशी तिच्यातून येतात. आतली दंतमज्जा, म्हणजे आपण बोलीत जिला नस म्हणतो ती, मेली तरी या गादीला बाहेरून रक्तपुरवठा असल्यामुळे ती पुष्कळदा जिवंत राहते. तुमच्या मुलाच्या बाबतीत आशा आहे ती या गादीवर.

मोठ्या माणसाच्या दाताचे टोक जवळजवळ मिटलेले असते. तेथे गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ आणि फटी बुजवणारा सीलर भरला, तर पलीकडच्या पेशींना त्या पदार्थाचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढाच होतो. उघड्या टोकाच्या दातात मात्र भरलेला पदार्थ आणि जिवंत पेशी समोरासमोर येतात. म्हणून तुमचा प्रश्न या दातासाठी रास्त आहे, पण तो दोन्ही पद्धतींना सारखा लागू होत नाही. बूच बसवताना एमटीएचा चार-पाच मिलिमीटरांचा थर थेट टोकाशी, पेशींच्या उशाशी बसतो. दुसऱ्या पद्धतीत मुळाच्या टोकापलीकडे बारीक सुई किंचित टोचून रक्त आत आणतात, त्याची गुठळी होऊ देतात आणि सिमेंट त्या गुठळीच्या वर, दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीच्या कडेजवळ ठेवतात. म्हणजे सिमेंट आणि गादी यांच्यामध्ये जवळजवळ मुळाच्या लांबीइतके अंतर असते. या रक्ताबरोबर स्टेम पेशीही मुळात येतात, हे माणसांच्या दातांतून घेतलेल्या नमुन्यांत दिसलेले आहे.

आता पदार्थाकडे वळू. एमटीए 1993 च्या सुमारास अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात पुढे आले. मुळात ते बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्याच घराण्यातले, शुद्ध केलेले आणि एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेले आहे. कालवल्यावर ते ओल्या वाळूसारखे लागते आणि घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास घेते. या काळात त्याचा सामू 12.5 पर्यंत चढतो, त्यामुळे ताजे असताना त्याला अगदी खेटून असलेल्या पेशींना ते सोसत नाही. बायोडेंटिन बारा-पंधरा मिनिटांत घट्ट होते.

पेशीशाळा

मी दंतवैद्य नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दातांपासून मिळवलेल्या पेशी वाढवण्याचे काम मी करतो. दंतमज्जेतल्या स्टेम पेशींचे वर्णन 2000 साली झाले, दुधाच्या दातांतल्या 2003 साली, मुळाभोवतीच्या तंतूंतल्या 2004 साली आणि मुळाच्या टोकाच्या गादीतल्या 2006 साली. शेवटच्या प्रकारासाठी आम्ही बहुतेक वेळा तरुणांच्या काढून टाकलेल्या, अजून मूळ पुरे न झालेल्या अक्कलदाढा वापरतो.

'घातक' हा शब्द कोठून येतो, ते सांगतो. भरायचा पदार्थ पेशींच्या खाद्यद्रवात ठेवतात, त्यातून जे काही झिरपते तो अर्क घेतात आणि तो वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून पेशींना देतात. या द्रवात सामू दाखवणारा रंग मिसळलेला असतो. ताजे कालवलेले कॅल्शियम सिलिकेट, म्हणजे एमटीए किंवा बायोडेंटिनसारखे सिमेंट, त्यात ठेवले की फिकट लालसर द्रव थोड्या वेळात गडद जांभळट गुलाबी होतो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तर लांबट, चातीसारख्या दिसणाऱ्या पेशींपैकी कित्येक गोल होऊन तळ सोडून तरंगत असतात. तोच अर्क पातळ करून दिला, किंवा पूर्ण घट्ट झालेल्या तुकड्यापासून काढला, तर पेशी तळाला घट्ट बसून वाढत राहतात. एकाच पदार्थाविषयी एक लेख घातक म्हणतो आणि दुसरा पोषक म्हणतो, याचे कारण बहुधा येथे असते. तुम्ही जे वाचले त्यात पदार्थ ताजा होता की घट्ट झालेला, आणि अर्क किती पातळ केला होता, हे आधी शोधावे.

सगळे पदार्थ मात्र सारखे नाहीत. लवंगेच्या तेलातले युजेनॉल ज्या झिंक ऑक्साइडच्या सीलरमध्ये असते, तो पेशींना बराच त्रास देतो, कारण मोकळे युजेनॉल बाहेर येत राहते. इपॉक्सी रेझिनचा सीलर ताजा असताना पेशींना जाचतो आणि घट्ट झाल्यावर तेवढा त्रास देत नाही. कॅल्शियम सिलिकेटच्या गटाचे वेगळेपण असे की, तो पेशींना केवळ सहन होतो एवढेच नव्हे, तर योग्य प्रमाणात त्यांना कामालाही लावतो. त्यातून सुटणाऱ्या कॅल्शियमच्या आयनांमुळे कठीण ऊतक घडवणारी जनुके अधिक जागी होतात. दोन-तीन आठवड्यांनी अॅलिझरिन रेड हा रंग टाकला की कॅल्शियम साठलेल्या जागी तांबडे ठिपके उमटतात.

बशीतल्या पेशींना वाहते रक्त नसते आणि अर्क धुऊन नेणारे कोणी नसते. तोंडात रक्त आणि ऊतकद्रव अल्कलीचा जोर झपाट्याने कमी करतात. म्हणून बशीतला निकाल पदार्थांची आपसात तुलना करायला उपयोगी पडतो, पण तो जसाच्या तसा मुलाच्या दाताला लावू नये.

कोथरूडची आई

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे वरच्या सिमेंटची मी उगाच धास्ती घेतली, असे समजू का? आणि त्याआधी आत जी औषधे घालतात, त्यांचे काय?

दंतमूल

हा प्रश्न तुम्ही विचारलात, हे फार चांगले झाले, कारण पेशींचे भवितव्य पुष्कळसे त्या औषधांवर ठरते. सिमेंट दूर बसते, पण धुण्याचे द्रव टोकापर्यंत पोहोचतात. नेहमीच्या रूट कॅनलमध्ये सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक 5 टक्क्यांच्या आसपास वापरण्याची पुष्कळांना सवय असते. येथे ते 1.5 टक्के ठेवावे आणि शेवटी 17 टक्के ईडीटीए या दुसऱ्या द्रवाने धुवावे. जोरकस हायपोक्लोराइटने डेन्टीनच असे होते की, नंतर आलेल्या पेशी त्यावर तग धरत नाहीत. ईडीटीए तो दोष बराचसा भरून काढते आणि डेन्टीनमध्ये अडकलेले वाढीचे घटकही मोकळे करते. दोन भेटींच्या मधल्या आठवड्यांसाठी मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवते. तीन प्रतिजैविकांची पेस्ट दाट कालवली, तर जंतूंबरोबर या पेशीही मरतात, आणि तिच्यातल्या मिनोसायक्लिनने दात काळपट होतो. रक्त आणायच्या दिवशी भूल अॅड्रेनॅलिनविरहित असावी, नाहीतर रक्तच नीट येत नाही.

पर्वतीकर

मीही दंतवैद्य आहे. वरच्या सगळ्याशी सहमत असूनही एक गोष्ट आईंना आधीच माहीत असावी. अशा रीतीने आत जे तयार होते ती खरी दंतमज्जा क्वचितच असते. नंतर काही कारणाने काढाव्या लागलेल्या दातांची तपासणी झाली, तेव्हा आत बहुधा मुळावर नैसर्गिकपणे असलेल्या सिमेंटम नावाच्या कठीण थरासारखे आणि हाडासारखे ऊतक आढळले. पुळी बसणे आणि टोकाचे हाड भरून येणे, याची खात्री दोन्ही पद्धतींत बरीच आहे. मूळ जाड आणि लांब होईलच, याची नाही. तरीही साडेआठ वर्षांच्या मुलाच्या इतक्या पातळ भिंतींच्या दातात मी आधी रक्त आणण्याचीच पद्धत निवडेन, कारण ती फसली तर बूच नंतरही बसवता येते, आणि बूच बसवल्यावर मूळ होते तेवढेच राहते.

दात समोरचा असल्यामुळे बिस्मथ नसलेले सिमेंट मागून घ्या. बिस्मथ ऑक्साइडने मानेशी करडी छटा येते, आणि ती मुलाला हसताना दिसेल. बायोडेंटिनमध्ये त्याऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असते. पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी एक्स-रे शक्यतो त्याच कोनातून काढून घ्या आणि आजचा एक्स-रे जपून ठेवा. भिंत वाढली की नाही, हे त्याच्याशी ताडूनच कळेल.