‘संहिता दाखवा’ म्हणे. कुठली दाखवू?

खोली_नंबर_तेवीस, गिरगाव

2024 ची दिवाळी. 15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर आमच्या सेक्रेटरीकाकांचा खडू: ‘आचारसंहिता लागली आहे. कार्यक्रमाची संहिता आधी दाखवावी.’ कार्यक्रम म्हणजे माझी पंचवीस मिनिटांची एकांकिका. विषय नळाची पाळी, पात्रं चार. धाकटे दीर कायदा शिकतात. त्यांनी खाली लिहिलं, ‘न्याय संहिता चालेल का?’ ते लगेच पुसलं गेलं.

काकांनी वही वाचली आणि एकच बदल सुचवला: कमळाबाईची शेवंता करा. निवडणुकीत कमळाबाई म्हटलं की लोक भलतंच समजतात म्हणे. केली शेवंता.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. वेद, वैद्य, वकील, निवडणूक आणि नाटक, सगळ्यांना एकच शब्द कसा काय पुरतो?

किल्ला_कोर्ट_कारकून

ताई, आमच्याकडे तर दोन-दोन संहिता नांदतायत. 1 जुलै 2024 ला दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली. पण त्या तारखेआधीचा गुन्हा असेल तर खटला जुन्याच कलमाखाली, त्यामुळे टेबलावर दोन्ही पुस्तकं. फसवणुकीचं 420 आता 318(4) झालंय. ‘तो पक्का तीनशे अठरा आहे’ असं कुणी म्हणताना अजून ऐकलं नाही.

आणि काकांना सांगा, आदर्श आचारसंहिता हा कायदा नव्हे. 1960 च्या केरळच्या निवडणुकीत तिची सुरुवात झाली. ती पक्ष, उमेदवार आणि सत्तेतल्या सरकारसाठी असते. तुमच्या नळाला लागत नाही. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करतात तो नियम 2000 सालचा, ध्वनिप्रदूषणाचा. बारा महिने लागू.

दादरच्या_संस्कृत_बाई

सम् अधिक धा. संहित म्हणजे एकत्र ठेवलेलं. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘परः संनिकर्षः संहिता’: वर्ण एकमेकांना अगदी खेटून आले की ती संहिता. ऋग्वेदाचा संहितापाठ ‘अग्निमीळे’ आणि पदपाठ ‘अग्निम् । ईळे’. शाळेत मुलींना मी सांगायची, सकाळची 8.20 ची फास्ट म्हणजे संहिता आणि दादरला उतरल्यावर पदपाठ. चरकसंहितेतही अग्निवेशाचं मूळ, चरकाचं संस्करण आणि दृढबलाची भर एकत्र नांदते. कायदेवाल्यांनी विखुरलेले नियम एका जागी बांधले, म्हणून त्यांचीही संहिता. शब्द एकच आहे, पण उधार आणलेला नाही.

विंगेतला_बाप्या, परळ

काकांवर रागवू नका. महाराष्ट्रात नाटक लावायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावीच लागते, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग नाही. बाकी आम्हाला संहिता म्हणजे चहाचे डाग पडलेलं, पेन्सिलीने खोडलेलं बाड. प्रयोग पन्नासावर गेला की त्यातलं निम्मं कुणी बोलत नाही. कलमांचं तसं होत नसावं.

किल्ला_कोर्ट_कारकून

बाप्या, एकदा या कोर्टात. बघा काय काय बोलतात ते.

खोली_नंबर_तेवीस

बाई, इंग्रजीतल्या पीनल कोडची दंड संहिता झाली, मग पिन कोडची संहिता का नाही झाली?

दादरच्या_संस्कृत_बाई

कारण त्यात काही एकत्र बांधलेलं नाही, ती नुसती खूण. गिरगावला 400004. गंमत म्हणजे पिन कोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची आणि ते स्वतः संस्कृत कवी. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला तो कोड म्हणूनच.

खोली_नंबर_तेवीस

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘कोड म्हणजे नातवंडांचे पुरवतात ते. पोस्टाने कधीपासून सुरू केले?’

कमळाबाई यंदा परत आली. निवडणूक नव्हती, तरी काकांनी वही मागितलीच.