मदत हवी आहे: सी. डिफच्या कार्डवर जीडीएचची रेघ येते, टॉक्सिनची येत नाही

पांढरकवडा_लॅब
नमस्कार मंडळी. तालुक्याची लहान लॅब आहे. सी. डिफ (क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, अँटिबायोटिकनंतर हगवण लावणारा जंतू) शोधायला, त्याचं जीडीएच अँटिजेन आणि टॉक्सिन ए/बी (त्याची विषं) एकाच कार्डवर दाखवणारं किट वापरतो. सध्या बऱ्याच नमुन्यांत जीडीएचची रेघ ठळक आणि टॉक्सिनची जागा कोरी येतेय. कार्डचा कंट्रोल बरोबर येतो, पॉझिटिव्ह कंट्रोललाही दोन्ही रेघा उमटतात. रुग्ण बहुतेक सेफ्ट्रिॲक्सोन नाहीतर लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स झालेले. नमुना वॉर्डात सकाळी घेतात, आमच्या टेबलावर येतो दुपारी. नवतपा (उन्हाळ्यातले सर्वात कडक नऊ दिवस) सुरू आहे, बाकी समजून घ्या. रिपोर्ट 'निगेटिव्ह' द्यावा का? आणि नागपूरला पीसीआरला (जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) पाठवायचं तर कसं?

सूक्ष्मजीव_वर्धा
निगेटिव्ह अजिबात लिहू नका. जीडीएच हे एन्झाइम सी. डिफचे सगळेच स्ट्रेन बनवतात, विष न बनवणारेसुद्धा. म्हणजे जंतू आहे एवढं नक्की. आता एकतर तो बिनविषारी आहे, नाहीतर विष होतं पण वाटेत गेलं. तुमच्याकडे यातली दुसरी शंका, म्हणजे विष वाटेत गेल्याची, आधी घ्यायला हवी. साध्या खोलीच्या तापमानालाही दोन तासांत टॉक्सिन इतकं उतरू शकतं की कार्डला सापडत नाही. जीडीएच त्या मानाने टिकतं. वॉर्डाच्या खिडकीत दुपारपर्यंत राहिलेली डबी असंच कार्ड देणार. किट चांगलं आहे, हे कंट्रोलनेच सांगितलंय.

डबीवर 'लॅबमध्ये मिळाल्याची वेळ' नको, शौच झाल्याची वेळ लिहून घ्या. नमुना लगेच २ ते ८ अंशांवर, आणि शक्यतो २४ तासांत तपासणी. फॉर्मेलिन घातलेला नमुना किंवा गुदद्वाराचा स्वॅब या तपासणीला चालत नाही.

कार्ड लावताना तीन ठिकाणी गफलत होते. एक, फ्रिजमधून काढून लगेच लावणं: कार्ड आणि द्रावणं आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तुमच्या खोलीत ४० च्या वर पारा असेल तर ती 'खोली' धरू नका, माहितीपत्रकातली मर्यादा पाहा. दोन, नमुना नीट न ढवळणं: विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, वरवरचं पाणी उचललं तर चुकतं. तीन, मात्रा. या प्रकारच्या एका प्रचलित किटमध्ये ७५० मायक्रोलिटर डायल्युएंट (पातळ करायचं द्रावण), एक थेंब कॉन्ज्युगेट (एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) आणि २५ मायक्रोलिटर नमुना. त्यातलं ५०० मायक्रोलिटर कार्डात, १५ मिनिटं थांबा, ३०० मायक्रोलिटर वॉश बफर (धुवायचं द्रावण), दोन थेंब सबस्ट्रेट (रेघेला रंग आणणारं द्रावण), आणि १० मिनिटांनी वाचन. तुमच्या किटचं पत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. 'जास्त घातलं तर रेघ ठळक येईल' म्हणून नमुना वाढवला की मेम्ब्रेन तुंबतं आणि वाचताच येत नाही.

जीडीएच कोरं आणि टॉक्सिन पॉझिटिव्ह आलं तर रिपोर्ट करू नका, ताज्या नमुन्यावर पुन्हा लावा.

शीतसाखळी_गडचिरोली
पाठवण्याबद्दल. झाकण घट्ट असलेली डबी, तिच्याभोवती शोषणारा कापूस, मग बंद पिशवी, मग कडक बाहेरचा डबा. हे सगळं थर्मोकोलच्या पेटीत. आईसपॅक फ्रीझरमधून काढून थेट ठेवू नका. लसीसाठी करतो तसं बाहेर ठेवून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा, नाहीतर डबीला टेकलेला भाग गोठतो. गोठवणं-वितळवणं टॉक्सिनला बाधतं. आणि हो, लसीचा कॅरिअर यासाठी वापरू नका बाप्पा!

पांढरकवडा_लॅब
आभारी आहे भाऊ. मग एवढ्या प्रवासात टॉक्सिन गेलंच तर पीसीआरचा उपयोग काय?

सूक्ष्मजीव_वर्धा
पीसीआर टॉक्सिनचं जनुक शोधतो, बहुतेक टीसीडीबी (टॉक्सिन बीचं जनुक). डीएनए टॉक्सिनपेक्षा पुष्कळ चिवट. म्हणूनच जीडीएच पॉझिटिव्ह, टॉक्सिन निगेटिव्ह अशा नमुन्याचा निवाडा पीसीआरवर करतात. निगेटिव्ह आला तर विषारी स्ट्रेन नाही म्हणा. पॉझिटिव्ह आला तर विष बनवण्याची क्षमता आहे एवढंच कळतं, नुसता वाहकही असू शकतो. तोवर रिपोर्टवर लिहा: 'जीडीएच पॉझिटिव्ह, टॉक्सिन आढळले नाही, नमुना विलंबाने मिळाला, पीसीआर आवश्यक'.

वॉर्ड_डॉक्टर
नमुना मुळात घ्यावा का, हेही पाहा. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच, आणि डबीचा आकार घेईल एवढा पातळ नमुना. घट्ट नमुना परत करा. रेचक चालू असेल तर आधी ते थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळांत विषारी सी. डिफ बिनलक्षणाचाही सापडतो, त्यांचा नमुना नको. सात दिवसांत त्याच रुग्णाची पुन्हा तपासणी करत नाहीत, बरं झाल्याची खात्री म्हणूनही नाही. मात्र उन्हात पडलेल्या डबीऐवजी ताजी मागवणं यात मोडत नाही. आपल्या भागात हगवण म्हटली की वेट माउंट (अमिबासारखे परजीवी पाहायला) आणि हँगिंग ड्रॉप (कॉलऱ्याचा जंतू पाहायला) या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासण्या आधी. रुग्ण गंभीर असेल तर रिपोर्टची वाट पाहत उपचार अडवू नका.

शीतसाखळी_गडचिरोली
एक राहिलंच. सॅनिटायझरने सी. डिफचे स्पोअर (त्याची टणक बीजाणू-रूपं) मरत नाहीत. हात साबण-पाण्याने, टेबल ताज्या हायपोक्लोराइटने. ५ टक्क्यांच्या एका भागात नऊ भाग पाणी, म्हणजे ५००० पीपीएम, किमान १० मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज नवं. उन्हाळ्यात क्लोरीन लवकर उडतं, कालचं आज नको.