पडवीतली काळी गांधीलमाशी एवढा मोठा कोळी ओढत नेते, मारायची का?

चिरेबंदी:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, कौलारू. पाऊस उघडल्यापासून दुपारच्या वेळी पडवीत एक मोठी काळी गांधीलमाशी फिरताना दिसते, मागचं टोक तांबडं, पंख काळपट आणि सारखे झटकत असते, उडते कमी आणि जमिनीवर धावते जास्त. काल तर कहर, तो मोठा चपटा तपकिरी कोळी असतो ना न्हाणीघरात वगैरे, तळहाताएवढा, तो तिने पायाला धरून उलटं चालत ओढत नेला, भिंतीवर चढवला आणि दोन चिऱ्यांमधल्या भेगेत घातला. कोळी मेलेलाच वाटत होता पण मधेच एक पाय हलला!! घरात लहान मुलं आहेत, आई म्हणते स्प्रे मार, बाबा म्हणतात असू दे. ही नक्की कुठली आणि डसली तर काय?

सुरंगीचो_वळेसर:
कुंभारीण ती. आमच्या माळ्यार दरवर्षी मातीची घरां बांधता. कोणाक काय करणा नाय, तिच्या वाटेक जाव नको म्हणजे झाला.

गडग्यापलीकडे:
@सुरंगीचो_वळेसर कुंभारीण नाही वाटत ही. कुंभारणीची कंबर एकदम दोऱ्यासारखी बारीक असते, अंगावर पिवळं असतं, आणि ती नळाखालच्या ओल्या जागेतून चिखलाच्या गोळ्या नेऊन घर बांधते. कोळी तीही मारते पण छोटे छोटे, एका खोलीत बरेच कोंबते आणि मग तोंड लिंपून टाकते. इथे एकच मोठा कोळी आहे, माती नाही, आणि पंख झटकत जमिनीवर धावणं, म्हणजे ही कोळी मारणाऱ्या गांधीलमाश्यांच्या वेगळ्या कुळातली, पॉम्पिलिडी. जगात ५,००० च्या आसपास जाती आहेत यांच्या. लाल टोक आणि शिकार बघता टॅकिपॉम्पिलस ॲनालिस असावी, भारतापासून जपानपर्यंत सापडते आणि तुम्ही सांगताय तोच कोळी तिचा आवडता, हेटेरोपोडा वेनाटोरिया. तो जाळं विणत नाही, रात्री झुरळं धरतो आणि दिवसा तसबिरीमागे, कपाटामागे दडून बसतो. म्हणून तर ती मिशा आपटत प्रत्येक फट हुंगत फिरते.

आता पाय का हलला, तर कोळी मेलेला नाहीच. नांगी त्याच्या पोटाकडच्या बाजूने, पाय जिथे जोडलेले असतात तिथल्या मज्जातंतूंच्या गाठीजवळ मारतात, विषाने तो लुळा पडतो पण जिवंत राहतो, म्हणजे मांस सडत नाही. फ्रीज नको काही नको. भेगेत नेऊन ती त्याच्या पोटावर एकच अंडं घालते आणि तोंड बुजवून निघून जाते. अळी बाहेर आली की आधी रस शोषते, मग आतलं खाते, पण हृदय वगैरे महत्त्वाचे भाग शेवटाला ठेवते, तोपर्यंत कोळी जिवंत. क्रूर म्हणा हवं तर, मला तरी हे बघितल्यावर घास उतरत नाही, पण हिशेब पक्का आहे.

अजून एक गंमत, मादी कोळ्याचा आकार बघून ठरवते. मोठा कोळी असेल तर मुलगी होणारं अंडं, छोटा असेल तर मुलगा, कारण मोठी शिकार ओढायला मोठं अंग लागतं आणि ते काम फक्त मादीचं. नर फुलांवर मध पीत हिंडतात, त्यांना नांगीसुद्धा नसते. मादी स्वतःही मधच पिते, कोळी फक्त पोरासाठी.

पोफळीखाली:
लहानपणी कीर्तनात ऐकलेलं की कुंभारीण अळी आणून घरात कोंडते आणि अळी तिचा ध्यास घेऊन घेऊन स्वतःच कुंभारीण होते. भक्तीचा दृष्टांत म्हणून भारीच आहे, पण वरचं वाचल्यावर त्या अळीची दया आली 😅 ध्यास कसला, जेवण झालं तिचं.

बाकी कुंभारीण दिसते साधी पण १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. वेग मोजायची नळी बंद पडली होती, आणि तिच्यात कुंभारणीच्याच एका अमेरिकन बहिणीने मातीचं घर केलं असावं असा संशय होता, कारण विमान बरेच दिवस उडालं नव्हतं आणि त्या नळीला झाकणही लावलेलं नव्हतं.

चिरेबंदी:
बापरे. थँक्यू सगळ्यांना. मुलांचं मात्र सांगा, डसते का?

गडग्यापलीकडे:
हातात धरली किंवा उघड्या पायाखाली आली तर डसते आणि बऱ्यापैकी दुखतं. पण ही एकटी राहते, पोळं नाही, त्यामुळे लाल गांधीलमाश्यांसारखा थवा अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. मुलांना लांबून बघू द्या, पकडू नका एवढं सांगा. डसलीच तर बर्फ लावा, आणि अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र लगेच डॉक्टर, ते कुठल्याही माशीच्या बाबतीत. स्प्रे नको, त्यात कोळीही मरेल आणि मग झुरळं तुमचीच.

चिरेबंदी:
स्प्रे कॅन्सल. पण पुढच्या आठवड्यात गवंडी येतोय, त्या भेगा सिमेंटने भरायच्यात 🙈

गडग्यापलीकडे:
मग ती एक भेग सोडायला सांगा त्याला, बाकीच्या भरू दे. अळी कोळी संपवून कोश करणार, त्यातून माशी बाहेर पडणार, सगळं धरून काही आठवडे जातात. खडूने खूण करून ठेवा नाहीतर गवंडी कुठलं ऐकतोय.

सुरंगीचो_वळेसर:
गवंडी सांगितल्या दिवशी इलो तर ना.