उत्तर: शिसवीच्या बारीक तुकड्यांची आतली वळणं घासणं

शिसवीच्या बारीक तुकड्यांची आतली वळणं कशी घासायची, या प्रश्नावर कागदी पॉलिश पेपरची पट्टी थेट स्क्रोल सॉला (बारीक पातं वरखाली चालवून वळणं कापणारं मशीन) लावायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. ती पट्टी दोन मिनिटांत पातं धरणाऱ्या चिमट्यापाशी फाटते. सांगलीत हार्डवेअरवाल्याकडे कापडी पाठीचा एमरी रोल (कापडावर घासायची खर चिकटवलेली गुंडाळी) मागा. पात्याएवढी, म्हणजे १३० मिमीच्या आसपास लांब आणि ५-६ मिमी रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकांना इन्स्टंट गम पाजून कडक होऊ द्या, मग चिमट्यात धरा. ताण पात्यापेक्षा कमी आणि मशीन अगदी हळू. वेगात चालवलं की शिसवी तापते, कडेला काळा डाग पडतो आणि तो काढता काढता आकारच जातो.

पट्टी वरखाली चालते, त्यामुळे ओरखडे जाडीला आडवे न पडता उभे पडतात. १२० नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकी खर बारीक) पट्टीनंतर १८० लावा, पण शेवटचा २२०चा हात हातानेच, कडेच्या लांबीने. मिरजेच्या तंबोऱ्यावर बसवायच्या पानासारखा तुकडा असेल तर हा शेवटचा हात टाळूच नका, पॉलिश चढल्यावर तेच ओरखडे आधी दिसतात.

मास्क लावा. शिसवीचा भुसा घशाला फार लागतो.