प्रतिसाद : शटर मिटता मिटता उडणारा फ्लॅश
रात्री कॅमेऱ्याचा शटरवेग १/२०० सेकंद ठेवून फोटो काढताना फ्लॅश लावला की मागचा परिसर काळाकुट्ट होतो, अशी आपली तक्रार आहे; तिचे मूळ फ्लॅशमध्ये नसून त्या शटरवेगात असावे. फ्लॅशचा झोत जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकत असल्याने समोरच्या माणसावरील त्याचा उजेड ॲपर्चर (भिंगाचे प्रकाश आत घेणारे छिद्र), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि अंतर यांवर ठरतो, तर मागचे दिवे किती उमटतील हे शटर किती वेळ उघडे राहते यावरही अवलंबून असते.

ठाण्यात तलावपाळीवर रात्री मी १/८ सेकंद शटरवेग, एफ/४ ॲपर्चर आणि आयएसओ ८०० पासून सुरुवात करतो व फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडावर, ठेवतो. खरी गंमत मात्र ‘रिअर कर्टन सिंक’मध्ये आहे : शटर मिटण्याच्या क्षणी फ्लॅश उडाल्यामुळे रिक्षाच्या लाल दिव्याची रेघ तिच्या मागे राहते; एरवी, म्हणजे शटर उघडताच फ्लॅश उडाला तर, ती रेघ रिक्षाच्या पुढे सरकते आणि रिक्षा चक्क उलटी धावल्यासारखी दिसते.

भेळवाल्याच्या चेहऱ्यावर त्याच्याच गाडीवरच्या दिव्याचा प्रखर उजेड असेल, तर शटर उघडे असताना तो जरा हलला तरी फ्लॅशने गोठलेल्या चेहऱ्याशेजारी दुसरी धूसर कड उमटते. अशा वेळी आपणच दोन पावले सरकून त्याची अंधारातली बाजू गाठावी. गिऱ्हाईक सोडून तो काही हलणार नाही.